तिसरी बाई

वरच्या मजल्यावर चित्र आहे, काचेमागे.
पाटी: हात लावू नका.
खालच्या मजल्यावर, जिथं पूर्वी मासळीचा लिलाव व्हायचा,
तेच चित्र टेबलावर आडवं पडलंय
आणि उशियानं पाटी लिहिलीय: हात लावून बघा.

आठ महिने लागले तिला.
प्लास्टर, राळ, शिंपल्यांचा चुरा,
गालिसियाच्या याच किनाऱ्यावरची ओंजळभर वाळू.
धक्क्यावर पाच बायका, पायाशी जाळं,
समोर धुकं.
धुक्याचं काय करायचं, यात तिचा अख्खा मार्च गेला.
लोकर लावून बघितली. कापूस.
शेवटी काहीच ठेवलं नाही तिथं,
नुसता थंड, गुळगुळीत पत्रा.

बाकाखाली स्पीकर. त्यात फेब्रुवारीतला समुद्र.

पहिल्या दिवशी बाल्बिना आली.
एकाहत्तर वर्षांची, निम्मं आयुष्य जाळी सांधण्यात गेलेलं.
काचबिंदूनं डोळे नेले तेव्हा बावन्नची होती.
काठी टेकवली, बाह्या सारल्या,
कणीक मळायला बसावं तशी बसली.
बोटं थेट जाळ्यावर.
"ही गाठ कुणी मारली?"
"मी."
"डावखुरी आहेस."
उशियानं डावा हात पाठीमागे लपवला,
कुणापासून, ते तिलाही कळलं नाही.

मग एकेक बाई.
पहिलीची शाल. दुसरीचं पोट, "सातवा असेल."
तिसरीपाशी बोटं थांबली.
"हिला चेहरा नाही?"
"चित्रकारानं रंगवलाच नाही. राखाडी डाग आहे नुसता.
माहितीपत्रकात त्यावर दोन परिच्छेद आहेत."
"असू देत. हात कुठाय हिचा?"
"एप्रनपाशी."
"मूठ की पंजा?"
उशिया गप्प. मग म्हणाली,
"चित्रात तिथं अंधार आहे."
"बरं," बाल्बिना म्हणाली, "मग?"

टॉर्च घेऊन उशिया जिना चढली.
काचेला नाक लावून, उजेड तिरपा धरून
आठ महिन्यांत पहिल्यांदा
ती त्या बाईचा हात शोधत होती.
सापडला. मूठ. मुठीत
जाळं विणायची लाकडी सुई,
टोक तेवढं बाहेर,
कुंचल्याच्या एका फटकाऱ्याएवढं,
शंभर वर्षं कुणी न विचारलेलं.

खाली येऊन सांगितलं.
बाल्बिनाला फारसं नवल वाटलं नाही.
"वाट बघायला सुट्टी कोण देतं?"

थोड्या वेळानं:
"आणि तुझा हा समुद्र रिकामा आहे.
बोट परत येते तेव्हा आधी कुरव ओरडतात."
"चित्रात बोट नाहीये."
"येणार आहे की नाही?"
"ते चित्रकारानं सांगितलं नाही."
बाकाखालचं पाणी येत होतं, जात होतं.
"मग राहू दे," ती म्हणाली. "कुरव नको घालूस."

शनिवारी ब्राइस आला, नऊ वर्षांचा,
जन्मापासून एकही रंग न पाहिलेला.
राखाडी म्हणजे दमलेला पांढरा, उशियानं सांगितलं,
राखाडी म्हणजे पाऊस थांबल्यावरचा दगड.
त्यानं ऐकून घेतलं, पाद्रीबुवांचं ऐकतात तसं,
आणि विचारलं, "माझ्या उंचीवर काय आहे?"
टेबलाच्या कडेपासून टीचटीच मोजत
तो बरोबर त्या मुठीशी पोचला.

सुई तोवर बसवून झाली होती,
तांदळाच्या दाण्याएवढी, सागवानी.
त्याच्या बोटात निघून आली.
तेव्हापासून दर आठवड्याला मोडते,
कधी कुणी घेऊनही जातं.
वर काच लखलखीत आहे;
खाली तिसऱ्या बाईच्या कमरेपाशी
राळ काळवंडलीय, तव्याच्या मुठीसारखी.

बुधवारी बाल्बिना येते, चाचपते,
जीभ टाळ्याला लावून च् करते,
खिशातून काड्यापेटी काढते.
आत घरी बसून तासलेल्या बाराएक सुया.
चिमटीत धरून एकेक तपासते,
तीन नापास करते.
"डिंक आण," म्हणते.